बाविसावी रांग

१

उज्ज्वलाचा साप चोरीला गेला होता आणि कितीतरी दिवस ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण त्याच्या जागी साप होता. बाटली तीच, चिठ्ठी तीच, आत तसाच एक साप. फक्त तो उज्ज्वलाचा नव्हता.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. उज्ज्वला मुकणे खंडाळ्यात माझ्या घरामागच्या खोलीत राहते. भाजे गावाच्या वर डोंगरात त्यांची वाडी. आईबाप मिळेल ती मजुरी करतात, आणि ही पोर शेजारच्या निसर्ग अभ्यास केंद्रात सापांवर संशोधन करते. साप म्हटलं की माझी पाचावर धारण बसते, त्यामुळे तिच्या कामाची चौकशी मी कधी करत नाही. बाथरूममध्ये काही वळवळणारं आणायचं नाही, एवढ्या एका अटीवर आमचं छान चाललं आहे.

"मावशी, त्यांनी मला खोटारडी ठरवलं," ती म्हणाली आणि ओल्या चपलांसकट दारातच बसली.

मी सविता काळोखे. पुण्यात पोलिसांच्या बोटांचे ठसे तपासायच्या खात्यात उभी नोकरी केली आणि निवृत्त होऊन इथे आले. खोटं बोलणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. ती चपला आधी नीट काढून ठेवतात.

"सुरुवातीपासून सांग," मी म्हटलं. "आणि सापाचं वर्णन जेवढ्यास तेवढं."

तिनं सांगितलं ते असं. कुंडी उपटली की खाली गांडुळासारखं काहीतरी काळपट, चकचकीत वळवळतं, तो वाळा. परकराच्या नाडीएवढा साप. आंधळा, बिनविषारी, मुंग्यांची अंडी खाऊन जगणारा. त्यांच्यात नर नसतोच. एकटी मादी अंडी घालते. त्यामुळे कुंडीच्या मातीतून एक वाळा बोटीवर चढला आणि कुठल्या बेटावर उतरला, की पुढची सगळी प्रजा त्या एकटीची. असा तो जगभर पोचला आहे. म्हणून बेटावर आंधळा साप सापडला की जाणकार लगेच म्हणतात, कुंडीतून आला असेल.

उज्ज्वलाला असा एक साप अंदमानातल्या एका छोट्या बेटावर, माणसांपासून लांब, कुजक्या ओंडक्यात सापडला. एकच. तो कुंडीतला नाही, निराळ्याच जातीचा आहे, असं तिचं म्हणणं.

"ओळखायचं कसं?"

"नुसत्या डोळ्यांनी नाहीच ओळखता येत. दोन्ही ठेवले तर मलासुद्धा सांगता येणार नाही. अंगाच्या मधोमध खवल्यांच्या रांगा मोजायच्या. साध्या वाळ्याला वीस असतात. माझ्या सापाला बावीस. नाकपुडीची शीव, म्हणजे खवल्यांमधली रेघ, तीही वेगळ्या खवल्याला जाऊन मिळते."

आज सकाळी नागपूरहून एक परीक्षक आले होते. तिचा निबंध छापण्याआधी साप प्रत्यक्ष पाहायचा होता त्यांना. केंद्रातल्या सगळ्यांसमोर त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याच्या अंगाभोवती चिठ्ठी बांधलेला दोरा बोटानं बाजूला सारला आणि रांगा मोजल्या. वीस. पुन्हा मोजल्या. वीस. शीवही साध्या वाळ्याची.

"फोटो काढलेत ना तू?"

"आहेत. ते म्हणाले, फोटो कुणाच्याही सापाचा असू शकतो. संध्याकाळी ते परत निघतील आणि लिहून देतील की मी साधा वाळा नवीन जात म्हणून खपवला. मग मला पुन्हा कुठे उभंसुद्धा करणार नाहीत, मावशी. चुकले असते तर चाललं असतं. पण खोटी?" तिनं नाक पुसलं. "आणि गंमत म्हणजे ती चिठ्ठी मीच बांधलेली आहे. दोरा माझा, गाठ माझी. ती कुणी सोडलेली नाही की कापलेली नाही. मग आतला साप बदलला कसा?"

मी मेथी तशीच टाकून उठले.

२

केंद्र म्हणजे घाटाच्या कडेचा एक बंगला. पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत येतं आणि बरण्यांमधले साप त्यात आणखीच नकोसे दिसतात. मी देवाचं नाव घेऊन आत शिरले.

केंद्राचे प्रमुख डॉ. निलेश ढमाले मला ओळखत होते. शेजारीण म्हणून नाही, त्यांच्या गाडीच्या हॉर्नवरून आमची दोनदा जुंपली आहे म्हणून. परीक्षक व्हरांड्यात चहा पीत बसले होते. पिकल्या मिशांचे, मोजकं बोलणारे गृहस्थ.

"बाटली पाहू द्या," मी म्हटलं.

साप एका उथळ ताटलीत पडला होता. सगळे त्या सापाकडे पाहत होते. मी नोकरीत एक शिकले, सगळे जिकडे बघतात तिकडे बघण्यात वेळ घालवायचा नाही. मी दोऱ्याकडे पाहिलं. शिवाय तेवढाच वेळ सापाकडे बघणं टळलं.

पांढरा दोरा. स्पिरिटमध्ये राहून पिवळट आणि ताठ झालेला. गाठ जुनी, तिलाही तोच पिवळटपणा. गाठीला कुणी हात लावलेला नव्हता हे उज्ज्वलाचं म्हणणं बरोबर होतं. पण दोऱ्याचा वेढा सापाच्या अंगावर सैल होता.

"उज्ज्वला, तू दोरा असा ढिला बांधतेस?"

"छे! घट्ट बांधावा लागतो. वाळ्याला मान नसते. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा सारख्याच जाडीचा. जरा ढिला राहिला तर दोरा सरकून..."

ती बोलता बोलता थांबली.

"सकाळी साहेबांनी दोरा बोटानं बाजूला सारला म्हणालीस," मी म्हटलं. "घट्ट असता तर सरला असता? कुणीतरी हा वेढा तुझ्या सापावरून न सोडता, न कापता, अंगठीसारखा हळूहळू सरकवत शेपटीवरून काढला. आणि मग दुसऱ्याच सापाला घातला. हा साप तुझ्या सापापेक्षा केसभर बारीक आहे, म्हणून वेढा ढिला बसलाय."

एव्हाना परीक्षकही कप घेऊन आत आले होते. मी परीक्षकांकडे वळले. त्यांनी शांतपणे कप खाली ठेवला.

"बाई, तुमचा तर्क चांगला आहे. पण दोऱ्यावरून मी नवी जात मान्य करू शकत नाही. बावीस रांगांचा साप असेल तर तो दाखवा. माझी गाडी संध्याकाळी आहे."

सूक्ष्मदर्शकाशेजारी एका पेल्यात चिमटे, सुया आणि कात्री उभी होती. हात लांबवला की मिळेल अशी. ओला, घट्ट दोरा न दुखवता सरकवत काढायचा म्हणजे नुसता डोक्याला ताप. कात्रीनं एक टिच केली असती की काम झालं असतं.

मग कात्री का नाही वापरली? एक तर उज्ज्वलाची गाठ शाबूत दिसावी म्हणून कुणी मुद्दाम हा खटाटोप केला, आणि तसं असेल तर या बंगल्यात तिचा एक पक्का वैरी होता. दुसरं कारण मला तेव्हा सुचलं नाही.

३

वैरी शोधायचा तर सुरुवात ढमाल्यांपासून. बेटांवरचे सगळे आंधळे साप कुंड्यांमधूनच गेलेले आहेत, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं होतं. त्यावर त्यांचं नाव झालं होतं. उज्ज्वलाचा साप खरा ठरला की त्या नावाला तडा जाणार.

"तर मी चोर?" ते भडकले. "अहो बाई, मला तो साप नको असता तर बाटली हातातून पडली असती. फरशीवर फुटली असती. वाईट वाटलं म्हणालो असतो आणि विषय संपला असता. मोती ओवल्यासारखा दोरा सरकवत कशाला बसेन मी?"

माणूस आगाऊ असला तरी मुद्दा बिनतोड होता.

"शेवटी उज्ज्वलानं साप कधी मोजला?"

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी, माझ्यासमोर. नंतर ती वाडीवर गेली. आल्यावर निबंध लिहीत होती, बाटली उघडायचं कारणच नव्हतं."

"आणि पंचमीला इथे कोण होतं?"

"मी आणि इथली दुसरी विद्यार्थिनी कोमल. येसूबाई दुपारपर्यंत. मी जेवणानंतर गाडी घेऊन लोणावळ्याला गेलो, चहाच्या वेळेला परत आलो. पण एक ऐकून ठेवा. दुसऱ्याच्या नमुन्याला न विचारता हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. कुणी लावला असेल तर तो माणूस उद्या इथे दिसणार नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला ती चुकलेली हवी होती, हे कबूल करतो. ती खोटी निघावी असं नव्हतं वाटत. शिकवलंय मी तिला."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा हॉर्न माफ केला. निदान त्या दिवसापुरता.

४

येसूबाई भाज्याच्या. केंद्रात झाडलोट करतात आणि चहा उत्तम करतात. स्वयंपाकघरात मी त्यांना तीनदा हाक मारली तरी त्यांनी मान वर केली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"हे काय हो?"

त्यांनी एक बोळा काढला. "बरण्यांची फळी पुसाया चाललीया. वाळा कानात शिरतो, ताई."

"अहो, ते मेलेत!"

"मेल्यालं हाय ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. त्याला म्हाईत हाय का?"

खरं सांगायचं तर बोळे मलाही हवेसे वाटले. "म्हणजे तुम्ही बाटल्या उघडत नाही?"

"फळी पुसते लांबून. बाटलीला हात कवाच न्हाई."

"पंचमीच्या दिवशी काही वेगळं दिसलं का?"

"त्या दिशी न्हाई. दुपारपातुर हुते, मंग आमी बाया वारुळाला ग्येलो. दुसऱ्या दिशी आले तर त्या भिंगाच्या टेबलाला स्पिरिटची ही घान! कुनीतरी सांडून पुसल्यालं."

म्हणजे साप पंचमीलाच बाहेर निघाला होता. येसूबाई आता रंगात आल्या होत्या.

"आन् ढमालेसायबांचं तर इचारूच नगा. पंचमीला काय चिरायचं न्हाई, काय कापायचं न्हाई. तर ह्ये बसले माझ्या म्होरं सुरी घिऊन सफरचंद चिरत! कोमलताई बिचारी उठून भायेर ग्येली. ती लय पाळती. चहाला दूध हवं हुतं, तर पिशवी दातानं फाडली तिनं. कात्री म्होरं पडलीवती, पर हात लावला न्हाई."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"आणि बरण्यांच्या फळीवर मधेच एक मोकळी जागा कशी?"

"तितं वाळ्यांची बरनी आसती. शाळा-शाळांतून पोरास्नी दाखवाया न्हेत्यात ती. आमच्या भाज्याच्या शाळंत दिलीया. पंचमीच्या दुसऱ्याच दिशी कोमलताई देऊन आली."

कात्री न वापरण्याचं दुसरं कारण मला दुधाच्या पिशवीत सापडलं होतं.

५

कोमल शेलार नवलाख उंबरे गावची. घरची शेती आहे, भाऊ तिथल्याच कारखान्यात. उज्ज्वलाच्या शेजारच्या टेबलावर बसते. त्या साप प्रकरणावरून दोघींचं गेले काही महिने धड नव्हतं, हे उज्ज्वलाच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि आडवळणानं न जाता विचारलं, "पंचमीला उज्ज्वलाच्या सापाचा दोरा काढताना तू कात्री का नाही वापरलीस?"

तिनं नाकारण्याचा प्रयत्नही केला नाही. चेहरा पार उतरला, आणि त्याच क्षणी खांदेही खाली आले. असं अवघडलेपण सुटलेलं मी फार वेळा पाहिलं आहे. विचारणारं कुणी भेटलं की माणसाला बरंच वाटतं.

"गेल्या वर्षी पंचमीला मी इथे दिवसभर कात्री चालवली, काकू," ती म्हणाली. "त्याच महिन्यात सत्यमचं बोट मशीनमध्ये गेलं. माझा भाऊ. दोन्हींचा काही संबंध नाही हे मला कळतं. शास्त्र शिकलेय मी. पण यंदा माझ्यानं कात्री उचलवलीच नाही."

माझ्याही भावासाठी मी काय काय पाळते ते मला ठाऊक आहे.

"मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की उज्ज्वलाचा साप साधा वाळा आहे," कोमल सांगू लागली. "ते मला सिद्ध करायचं होतं. सर लोणावळ्याला गेले तेव्हा तिचा साप काढला. शेजारी ठेवायला शाळेच्या बरणीतला एक साधा वाळाही घेतला. रांगा मोजायच्या तिथेच, मधोमध दोरा होता. म्हणून तो सरकवून काढला. मोजलं."

"किती?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बावीस. तीनदा मोजलं. बावीसच."

मला संताप आला, तो मी लपवला नाही. "म्हणजे ती खरं बोलतेय हे तुला पंचमीपासून माहीत आहे! आणि आज सगळे तिला खोटी म्हणत असताना तू इथे बसून राहिलीस?"

"बोलले असते तर बाटली उघडली हे सांगावं लागलं असतं. सरांनी काढून टाकलं असतं. आणि मी साप बदलला नाही, काकू! मी तिचाच साप तिच्या बाटलीत ठेवला. नंतर कुणी बदलला ते मला खरंच माहीत नाही. सकाळपासून तोच विचार करतेय."

ती खोटं बोलत नव्हती. तरीही साप बदलला होता. मी पेल्यातून एक लाल आणि एक काळी पेन्सिल उचलली आणि ताटलीत शेजारी शेजारी ठेवली.

"लाल म्हणजे उज्ज्वलाचा साप. त्या दिवशी जसं केलंस तसंच करून दाखव."

कोमल सूक्ष्मदर्शकापाशी बसली. "उज्ज्वलाचा माझ्या उजव्या हाताला होता. मोजून झालं आणि फाटकाशी सरांचा हॉर्न वाजला. मी घाबरले. बाटल्या टेबलाच्या पलीकडे होत्या. ताटली तिकडे ढकलली, मी पळत पलीकडे गेले..." ती टेबलाला वळसा घालून पलीकडे उभी राहिली. "आणि उजव्या हाताचा साप उचलून त्याला दोरा..."

तिचा उजवा हात खाली गेला आणि तसाच थांबला. बोटांत काळी पेन्सिल होती.

"अगं आई गं," ती पुटपुटली.

टेबलाच्या पलीकडे गेलं की उजवं ते डावं होतं, एवढी साधी गोष्ट. नुसत्या डोळ्यांना दोन्ही साप सारखेच. दोरा जरा ढिला बसला, तर घाईत तेही कळलं नाही. कुणी वैरी नव्हता या बंगल्यात. एक घाबरलेली मुलगी होती, आणि एक हॉर्न.

"म्हणजे खरा साप शाळेच्या बरणीत आहे!" कोमलनं तिथल्या तिथे भाज्याच्या शाळेत फोन लावला. पलीकडच्या गुरुजींचा आवाज मलाही ऐकू आला.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात. इथे गावातल्या आक्काबाई आल्यात, फार चिडल्यात. श्रावणात मेलेले साप दारूत बुडवून ठेवलेत म्हणून. त्यांचं म्हणणं, रीतसर पुरायचे. मी तरी किती अडवणार? शाळेमागे खड्डा खणायला माणूस बोलावलाय. खणतोयच तो."

६

ढमाल्यांची गाडी त्या दिवशी मळवलीच्या रस्त्यावर जशी धावली तशी पुन्हा धावू नये. पुढे परीक्षक आपली बॅग आणि चिठ्ठीच्या सापाची बाटली मांडीवर घेऊन, मागे आम्ही तिघी. साप भाज्याला आहे एवढंच मी सांगितलं होतं. बाकीचं ज्याचं त्यानं सांगावं, असं माझं मत. कोमल खिडकीबाहेर बघत होती. ढमाले वाटेतल्या प्रत्येक म्हशीला हॉर्न देत होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा तो हॉर्न गोड वाटत होता.

शाळेच्या पडवीत आक्काबाई खुर्चीवर बसल्या होत्या. बरणी मांडीवर. झाकणावर झेंडूचं फूल आणि काचेला हळदीकुंकवाचे एवढे पट्टे की आतलं काही दिसेना. मागच्या अंगणात कुदळीचा आवाज बंद झाला होता. खड्ड्याशेजारी कुदळीला टेकून एक वाळकासा माणूस उभा होता.

"बा!" उज्ज्वला ओरडली.

बहिरू मुकणे लेकीकडे बघून हसले. "तू कशी गं हितं? आक्कांनी सांगावा धाडलावता, खड्डा काढाया."

बापानं आपल्या हातानं पोरीचा साप पुरला असता आणि त्याला ते कधी कळलंही नसतं.

"तुमी शिकल्यालीच करता आसलं," आक्काबाईंनी तोफ डागली. "पंचमीला आमी दूध ओतायचं, आन् तुमी त्याला दारूत बुडवायचं व्हय?"

ढमाले शास्त्र समजावायला पुढे झाले. मी त्यांना मागे ओढलं. उज्ज्वला आक्काबाईंच्या पायाशी बसली. "आक्का, ह्यातला एक साप माझा हाय. लय लांबून, बेटावरनं आनलाय. त्यो दिसला न्हाई तर समदे मला खोटी म्हनत्याल. येक डाव बघू द्या. मंग तुमी म्हनाल तसं."

आक्काबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग खड्ड्याशी उभ्या बहिरूंकडे. बरणी तिच्या हातात दिली.

पडवीतल्या बाकावर उज्ज्वलानं सोबत आणलेला छोटा सूक्ष्मदर्शक मांडला. बरणीत पाच साप होते. पहिला घेतला. वीस. दुसरा. वीस. तिसरा, वीस. गुरुजींनी वर्गातल्या पोरांना गप्प केलं होतं, तरी खिडकीत डोकीच डोकी. चौथा साप भिंगाखाली गेला. उज्ज्वलाचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

ती बाजूला सरकली. परीक्षक वाकले आणि सुईच्या टोकानं एकेक रांग मोजत गेले. मीही सापापासून हातभर अंतरावर उभी होते आणि मला त्याची आठवणही नव्हती.

"बावीस," ते म्हणाले. नाकपुडीची शीव पाहिली. "हो. शीवही वेगळी आहे."

उज्ज्वलानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण परीक्षकांनी मान हलवली. "एक शंका राहते. हा साप इथल्या बरणीतून निघाला. तो बेटावरचाच कशावरून? इथलाच एखादा वेगळा निघालेला नसेल?"

"बाटलीतल्या सापावरून तो चिठ्ठीचा दोरा काढा," मी म्हटलं. "आणि ह्या सापाच्या मधोमध बघा."

त्यांनी पाहिलं. तपकिरी अंगावर दोऱ्याच्या रुंदीचा फिकट वळसा होता, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. उज्ज्वलाचा वेढा त्यांनी चिमट्यानं शेपटीवरून चढवला. तो बेताबेतानंच पुढे सरकला आणि त्या फिकट खुणेवर घट्ट बसला. गाठ शाबूत.

"आणि तो मी काढला होता," कोमल म्हणाली.

ती ढमाल्यांसमोर उभी होती. तिनं सगळं सांगितलं. बाटली, दोरा, हॉर्न, टेबलाची पलीकडची बाजू. "मी नागपंचमीला रांगा मोजल्या, सर. बावीस भरल्या. उज्ज्वला खरी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प राहिले. सॉरी, उज्ज्वला."

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. "म्हणजे लेखिकेशिवाय आणखी एका व्यक्तीनं स्वतंत्रपणे मोजून बावीसच रांगा सांगितल्या आहेत. तेही चूक काढायला बसलेल्या व्यक्तीनं. याहून चांगली साक्ष मला मिळणार नाही. मी तसं लिहून देतो."

माझा जीव भांड्यात पडला. गुरुजींनी टाळी वाजवली, त्याबरोबर खिडकीतल्या सगळ्या पोरांनी वाजवली, कशासाठी ते न कळताच. ढमाले आपला तो पहिला नियम आठवून तोंड उघडणार, तेवढ्यात उज्ज्वला कोमलकडे वळली.

"मला तुझा खूप राग आलाय," ती म्हणाली. "पुष्कळ दिवस राहील. पण सर, हिला काढू नका. बावीस मोजायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे, आणि हिनं तीनदा मोजलंय."

ढमाले खाकरले. "बघू," म्हणाले. आपला आयुष्यभराचा सिद्धान्त त्या बाकावर मोडून पडलेला असताना त्यांच्या चेहऱ्यावरही मला सुटकाच दिसली. शिकवलेली पोर खरी निघाली होती.

"झालं का मोजून?" आक्काबाई उठल्या. "आता माझं."

ढमाल्यांनी बरणीकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं आणि हात जोडले. बहिरूंनी खड्ड्यात झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. एकेक साप हलकेच खाली ठेवला. चार झाले. मग पडवीत येऊन त्यांनी बाकावरच्या पाचव्याकडे हात केला.

"आन् ह्यो?"

"ह्यो न्हाई, बा," उज्ज्वला म्हणाली. "ह्यो माझा हाय."

बहिरूंनी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि खड्ड्यावर माती ओढायला गेले.